हा चार्ल्स कोणत्या गादीवरचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबई आणि वसईच्या सोळाव्या-सतराव्या शतकावर तुम्ही मराठीत लेखमाला लिहिताय. एका पुस्तकात १५९० साली वसईवर पोर्तुगालच्या ‘पहिल्या फिलिप’ची सत्ता आहे, दुसऱ्यात त्याच साली स्पेनच्या ‘दुसऱ्या फिलिप’ची. मुंबई ज्याला मिळाली तो ‘दुसरा चार्ल्स’ शोधायला गेलं की एक इंग्लंडचा सापडतो, एक स्पेनचा, आणि दोघंही एकाच काळातले. स्पेनचा ‘पहिला चार्ल्स’ आणि सम्राट ‘पाचवा चार्ल्स’ हे एक की दोन, तेही ठरत नाही. सोबत तुम्ही मसुद्यातलं एक वाक्य दिलंय: ‘पोर्तुगालच्या राजाने आपली मुलगी चार्ल्सला दिली आणि मुंबई आंदण दिली.’ आणि शेवटी विचारलंय, की या राजांच्या याद्या पाठच कराव्यात का?

पाठ करू नका. मी सत्तावीस वर्षं इंग्रजी आणि पोर्तुगीजमधून इतिहासाची पुस्तकं मराठीत आणते आहे, मधली काही वर्षं संपादनही केलं, आणि मला या याद्या आजही पाठ नाहीत. तुमची अडचण स्मरणशक्तीची नाहीच. तुम्ही क्रमांक माणसाचा समजताय आणि तो असतो गादीचा. एकच माणूस तीन गाद्यांवर बसला तर त्याला तीन क्रमांक मिळू शकतात, कारण प्रत्येक गादी आपल्यापुरतं मोजते. त्या नावाचा माणूस आमच्याकडे आधी होऊन गेला का, एवढंच ती बघते.

हे आपल्याला परकं नाही. ताराबाईंचा मुलगा शिवाजी हा छत्रपतींच्या एकूण मालिकेत ‘दुसरा शिवाजी’ आहे आणि नुसत्या कोल्हापूरच्या गादीच्या यादीत ‘पहिला शिवाजी’. कोल्हापूरचा ‘दुसरा शिवाजी’ पुढे १७६२ साली गादीवर आला, तो वेगळाच. आणि तंजावरच्या भोसल्यांमध्येही एक दुसरा शिवाजी आहे, १८५५ साली वारलेला. आपण गोंधळत नाही, कारण मनातल्या मनात ‘कोल्हापूरचा’, ‘तंजावरचा’ असं जोडून घेतो. युरोपच्या बाबतीत नेमकं तेवढंच जोडायचं राहून जातं.

आता तुमचा चार्ल्स घेऊ. इसवी सन १५०० मध्ये गेंट इथे जन्मलेला हा मुलगा १५१६ मध्ये कॅस्टिल आणि आरागॉनचा राजा झाला. तिथे त्याच्या आधी या नावाचा राजा नव्हता, म्हणून तो पहिला. १५१९ मध्ये तो पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे मुख्यतः जर्मन प्रदेशांच्या साम्राज्याचा, सम्राट निवडला गेला. तिथली मोजणी थेट शार्लमेनपासून, म्हणजे थोरल्या चार्ल्सपासून, चालत आली होती आणि त्याच्या आधी चार चार्ल्स धरले जात होते, म्हणून तो पाचवा. नेपल्समध्ये तोच चौथा. माणूस एकच. स्पेनमध्ये आजही ‘स्पेनचा पहिला कार्लोस, जर्मनीचा पाचवा’ अशी जोडीनेच त्याची ओळख सांगतात. १५५६ पर्यंत त्याने सगळं सोडून दिलं, साम्राज्य भाऊ फर्डिनांडकडे आणि स्पेन मुलगा फिलिपकडे गेलं, आणि १५५८ मध्ये युस्तेच्या मठाजवळ त्याचं निधन झालं. या वाटणीनंतर दोन्हीकडच्या मोजण्या वेगळ्या वाटांनी गेल्या. म्हणून पुढे स्पेनमध्ये दुसरा कार्लोस येतो १६६५ मध्ये, आणि साम्राज्यात सहावा कार्ल येतो १७११ मध्ये.

वसईच्या लेखात तुमची गाठ पडते ती त्याच्या मुलाशी. हा भाग जरा सावकाश सांगते, कारण कोकण आणि गोव्यावर मराठीत लिहिणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत इथे झालेली मी पाहिली आहे.

स्पेनचा हा फिलिप ‘दुसरा’ का? कारण त्याचा आजोबा फिलिप १५०६ मध्ये काही महिने कॅस्टिलचा राजा होता. ती मोजणी कॅस्टिलची. आरागॉनमध्ये तो आजोबा राजा नव्हता, म्हणून तिथे नातूच पहिला. १५७८ मध्ये पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियाव मोरोक्कोतल्या अल्कासर किबीरच्या लढाईत मारला गेला. त्याच्यामागे आलेला वृद्ध चुलत आजोबा हेन्रिक दोनच वर्षांत वारला, आणि स्पेनच्या फिलिपने पोर्तुगालच्या गादीवर हक्क सांगितला. १५८१ मध्ये तोमार इथल्या सभेने त्याला राजा मानलं. पण अट होती: पोर्तुगालचं राज्य, त्याचे कायदे, त्याचा कारभार वेगळा राहील. गोवा, वसई, चौल, दमण ही ठाणी स्पेनची झाली नाहीत, पोर्तुगालचीच राहिली. त्यामुळे त्या कागदांपुरता तो पोर्तुगालचा ‘पहिला फिलिप’.

इथून पुढे साठ वर्षं दोन्ही मोजण्या एका आकड्याच्या फरकाने समांतर चालतात. १५९८ ते १६२१ या काळातला राजा स्पेनमध्ये तिसरा, पोर्तुगालमध्ये दुसरा. १६२१ पासूनचा स्पेनमध्ये चौथा, पोर्तुगालमध्ये तिसरा. १ डिसेंबर १६४० ला लिस्बनमध्ये उठाव झाला, ब्रागांसाचा सरदार चौथा जुआंव म्हणून राजा झाला, आणि पोर्तुगालपुरती फिलिपांची मोजणी तिथे थांबली. स्पेनमध्ये मात्र तो चौथा फिलिप १६६५ पर्यंत राज्य करत होता.

आता सापळा बघा. समजा गोव्यातल्या १६३० च्या एखाद्या कागदावरच्या टिपेत ‘तिसरा फिलिप’ असं आहे. तुम्ही स्पेनच्या यादीत तिसरा फिलिप शोधता. तो १६२१ मध्येच वारलेला. मग वाटतं, कागदाचं साल चुकलंय, आणि आपण साल ‘दुरुस्त’ करतो. बरोबर असलेलं साल चुकीचं करून ठेवल्याची अशी उदाहरणं मी हस्तलिखितांत हाताळली आहेत. साल आणि क्रमांक यांचं भांडण लागलं तर आधी गादी तपासा, साल सर्वांत शेवटी.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट. मूळ कागदावर क्रमांक बहुतेक वेळा नसतोच. स्पेनचे राजे सही करत ती नुसती ‘मी राजा’, पोर्तुगालचे नुसती ‘राजा’. सहीत नावही नाही, मग आकडा कुठून असणार? तो आकडा नंतरच्या अभिलेखपालाने, संपादकाने किंवा इतिहासकाराने घातलेला असतो, आणि तो माणूस माद्रिदच्या बाजूने बघतोय की लिस्बनच्या, यावर आकडा बदलतो. म्हणून टीप कोणी लिहिली आहे ते आधी बघावं. ‘पहिला’ या शब्दाचं तर असंच आहे. दुसरा येईपर्यंत पहिल्याला पहिला म्हणायची गरज नसते. इंग्लंडची एलिझाबेथ तिच्या हयातीत आणि पुढे साडेतीनशे वर्षं नुसती एलिझाबेथ होती. १९५२ मध्ये दुसरी आल्यावर ती पहिली झाली.

आता मुंबईचा चार्ल्स. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स १६६० मध्ये परागंदा अवस्थेतून परतला आणि १६८५ पर्यंत राजा होता. स्पेनचा दुसरा कार्लोस १६६५ ते १७००. म्हणजे वीस वर्षं दोघंही एकाच वेळी गादीवर होते आणि दोघांचाही आकडा दोन. नावाला देश जोडला नाही तर वाचक अडकणारच. भर म्हणजे त्याच वर्षांत स्वीडनच्या गादीवर अकरावा कार्ल होता.

इथे माझी एक जुनी चूक सांगते, कारण तुम्ही त्याच रस्त्यावर आहात. सुरुवातीच्या काळात मी ईस्ट इंडिया कंपनीवरचं एक पुस्तक अनुवादित करत होते. मुंबई कंपनीला दिल्याच्या सनदेबद्दल त्यात साल न देता ‘दुसऱ्या चार्ल्सच्या राजवटीच्या विसाव्या वर्षी’ एवढंच होतं. वाचकाची सोय म्हणून मी हिशेब केला: १६६० मध्ये राजा झाला, त्यात वीस मिळवले, आणि कंसात १६८० लिहिलं. मुद्रितं तपासताना पुढच्याच प्रकरणात जेराल्ड ऑंजिए कंपनीच्या वतीने मुंबईचा कारभार बघताना भेटला. तो तर १६७७ मध्ये सुरतेला वारला. कंपनीला मुंबई मिळायच्या आधीच कंपनीचा मुंबईचा गव्हर्नर मरून गेला, हे कसं शक्य आहे?

सनद आहे २७ मार्च १६६८ ची. बेट कंपनीला दिलं ते दरसाल सोन्याच्या नाण्यांत द्यायच्या १० पौंडांच्या खंडणीवर. आणि १६६८ हे दुसऱ्या चार्ल्सचं विसावं वर्ष ठरतं, कारण इंग्लंडच्या दफ्तरात त्याची राजवट १६६० पासून मोजतच नाहीत. ३० जानेवारी १६४९ ला त्याच्या बापाचा, पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद झाला. त्या क्षणापासून मुलगा राजा होता असं परतल्यावर धरलं गेलं. मधली अकरा वर्षं देशात राजाच नव्हता, तरी कागदावर ती त्याच्या राजवटीतच जमा आहेत. आपल्या राज्याभिषेक शकासारखीच ही वर्षं. फरक असा, की राज्याभिषेक शक शिवाजी महाराजांनंतरही तसाच पुढे चालत राहिला आणि इंग्लंडमध्ये राजा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. म्हणून तिथे राजाचा क्रमांक चुकला की सालही चुकतं.

इंग्रजी दफ्तरांबाबत आणखी एक सावधगिरी हवी. त्या काळी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद तिथल्या समकालीन नोंदीत जानेवारी १६४८ चा दिसतो. सनदेची २७ मार्च ही तारीख नव्या वर्षाच्या जेमतेम दोन दिवस पुढे आहे, म्हणून तिथे घोळ होत नाही. जानेवारी ते मार्चमधली कुठलीही इंग्रजी तारीख मात्र दोनदा तपासा.

इंग्लंड-स्कॉटलंडचं प्रकरण थोडक्यात. १६०३ पासून दोन्हीकडे राजा एक, गाद्या दोन. टॉमस रोला जहांगीरच्या दरबारात पाठवणारा इंग्लंडचा पहिला जेम्स हा स्कॉटलंडचा सहावा जेम्स. १६८८ मध्ये पळून गेलेला दुसरा जेम्स तिकडे सातवा. त्याच्यानंतरचा तिसरा विल्यम तिकडे दुसरा. १७०७ मध्ये दोन्ही राज्यं एक झाली, तरी आकडे इंग्लंडचेच पुढे चालले. १९५२ मध्ये ‘दुसरी’ एलिझाबेथ आल्यावर स्कॉटलंडमध्ये लोक चिडले, कारण पहिली एलिझाबेथ त्यांची राणी कधीच नव्हती. चार्ल्सपुरतं मात्र तुम्हाला ही काळजी नाही. पहिला आणि दुसरा, दोघंही दोन्ही देशांवर राज्य करून गेलेत, त्यामुळे आकडा दोन्हीकडे सारखाच.

याद्या पाठ करू नका म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. यादीतला क्रमांक म्हणजे शिरगणती नव्हे, त्यामागे कुणाचा तरी दावा असतो. इंग्लंडचा ‘पहिला एडवर्ड’ १२७२ मध्ये येतो, पण १०६६ च्या नॉर्मन विजयाआधी तीन एडवर्ड राजे होऊन गेले आहेत. मोजणी विजयानंतर सुरू केली, म्हणून ते बाहेर राहिले. फ्रान्समध्ये सोळाव्या लुईनंतर राजा म्हणून बसला तो अठरावा. मधला सतरावा हा सोळाव्याचा मुलगा, जो एक दिवसही राज्य न करता १७९५ मध्ये तुरुंगात दहा वर्षांचा असताना वारला. काकाने १८१४ मध्ये गादीवर येताना स्वतःला अठरावा म्हणवलं आणि त्या आकड्यातूनच सांगितलं, की क्रांती झाली तरी आमची राजपरंपरा तुटली नव्हती. स्वीडनची गोष्ट याहून पुढची आहे. १५५४ मध्ये छापलेल्या योहान्नेस माग्नुसच्या इतिहासात कल्पित राजांची लांबलचक परंपरा होती. ती खरी धरून पुढच्या राजांनी चौदावा एरिक, नववा कार्ल असे आकडे घेतले. तिथे पहिला ते सहावा कार्ल कधी झालेच नाहीत, तरी आजचा राजा सोळावा कार्ल गुस्ताफ आहे. आणि फर्डिनांड नावाचा राजा नेपल्समध्ये चौथा, सिसिलीत तिसरा होता. १८१६ मध्ये दोन्ही राज्यं एक केल्यावर तो पहिला झाला. त्याचा आकडा वयाबरोबर उतरत गेला.

टोपणनावांवर विसंबू का, असं तुम्ही पुढे विचाराल म्हणून आत्ताच सांगते. आधार घ्या, पण नुसत्या टोपणनावावर काही ठरवू नका. ‘सुंदर फिलिप’ फ्रान्सचा चौथा फिलिपही आहे आणि वर सांगितलेला कॅस्टिलचा पहिलाही, दोघांत दोनशे वर्षांचं अंतर. ‘शूर फिलिप’ फ्रान्सचा तिसरा फिलिपही आणि बर्गंडीचा सरदारही.

मग मी काय करते? माझ्याकडे एक आडवी वही आहे. डावीकडे सालं, दर दहा वर्षांना एक ओळ. वर गाद्यांचे रकाने: इंग्लंड, स्कॉटलंड, फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, साम्राज्य, डेन्मार्क, आणि शेवटी सातारा, दिल्ली, विजापूर असे आपले. एखादं साल आलं की त्या ओळीवर बोट ठेवून आडवं वाचायचं. १६६८ च्या ओळीत इंग्लंडचा दुसरा चार्ल्स, स्पेनचा दुसरा कार्लोस, पोर्तुगालचा सहावा अफोन्सू, फ्रान्सचा चौदावा लुई, दिल्लीत औरंगजेब. असं आडवं वाचलं की कोण कुणाशी तह करू शकतो ते लगेच दिसतं. प्रत्येक नावापुढे बापाचं नावही लिहा, फार कामाला येतं. डेन्मार्कसारख्या ठिकाणी तर त्याशिवाय गत्यंतर नाही. तिथे १५१३ पासून राजे क्रिस्तियान आणि फ्रेडरिक असे आलटूनपालटून आले, ते थेट १९७२ मध्ये दुसरी मार्ग्रेथ राणी होईपर्यंत. बापाचं नाव माहीत असेल तर आकडा निदान पडताळता येतो.

लिहिताना नाव कुठल्या रूपात द्यायचं, हे तुमच्या वाचकावर अवलंबून आहे. शालेय किंवा स्पर्धा परीक्षेच्या वाचकासाठी पाठ्यपुस्तकातली रूपं सोडू नका, नाहीतर त्याला ओळख पटणार नाही. तुमच्यासारख्या लेखमालेत मी प्रत्येक गादीचं आपलं रूप ठेवते: इंग्लंडचा चार्ल्स, स्पेनचा कार्लोस, फ्रान्सचा शार्ल, स्वीडनचा कार्ल. एवढ्यानेच निम्मा गुंता सुटतो. अपवाद करते तो सम्राट पाचव्या चार्ल्सचा, कारण मराठी वाचक त्याला त्याच नावाने ओळखतो. पहिल्या उल्लेखात ‘पाचवा चार्ल्स (स्पेनचा पहिला कार्लोस)’ असं एकदा लिहायचं आणि पुढे एकच रूप पाळायचं. फिलिपांसाठी वसईच्या लेखात पोर्तुगालचा आकडा धरा, कारण सत्ता त्या गादीची होती, आणि कंसात एकदा स्पेनचा आकडा द्या.

आकडा नावाच्या आधी घ्या. चौदावा लुई, आठवा हेन्री, हे मराठीत रुळलेलं आहे आणि विभक्तीही नीट लागते: दुसऱ्या चार्ल्सने, चौदाव्या लुईचा. ‘चार्ल्स दुसराने’ हे इंग्रजी क्रमाच्या ओढीने आलेलं रूप आहे, ते टाळा. मूळ इंग्रजीतून उतरवताना रोमन आकड्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. चौदा आणि सोळा यांच्या रोमन आकड्यांत फक्त शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल असते. तेवढ्या चुकीने व्हर्सायचा राजवाडा वाढवणाऱ्याच्या जागी गिलोटिनवर गेलेला राजा येतो.

राहिलं तुमच्या मसुद्यातलं वाक्य. १६६१ मध्ये या विवाहाचा तह झाला तेव्हा त्या मुलीचे, म्हणजे राजकन्या कातारिनाचे, वडील चौथा जुआंव हयात नव्हते. ते १६५६ मध्येच वारले होते. गादीवर होता तिचा धाकटा भाऊ सहावा अफोन्सू, तोही अजून अल्पवयीन, आणि कारभार त्यांची आई लुईझा बघत होती. मुलीला बापाने आंदण दिलं, हे चित्र आपल्या मनात सहज उभं राहतं, पण इथे ते लागू नाही. मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं: ‘जून १६६१ च्या तहानुसार पोर्तुगालचा राजा सहावा अफोन्सू याची बहीण कातारिना हिच्या विवाहाच्या निमित्ताने मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला देण्याचं ठरलं, इंग्रजांना प्रत्यक्ष ताबा मिळाला तो फेब्रुवारी १६६५ मध्ये.’